खालून पाहिलेला चेहरा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी भिंगारला मावशीकडे राहायचे. आमचं घर राहात्याचं, वडिलांची पेरूची बाग. कॉलेज मात्र नगरला. मावशीचे यजमान लष्कराच्या डेपोत नोकरीला होते आणि त्यांच्या क्वार्टरमधली मागची खोली मला दिलेली होती.

त्या वर्षी जो भेटेल तो विचारायचा, पुढं काय. मावशीचं म्हणणं, बी.एड. कर. वडिलांचं म्हणणं, बँकेची परीक्षा दे. आई काहीच म्हणायची नाही, पण घरी गेलं की कुणाचा तरी मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला लागल्याचं पोळ्या लाटता लाटता सांगायची. मला स्वतःला काय हवंय ते मला ठाऊक नव्हतं. स्पर्धा परीक्षेचा क्लास लावून सोडला होता. हौशी नाटकाच्या तालमींना जाऊन आले, तिथं पडदे बांधण्याचं काम मिळालं, तेही सोडलं. कॉलेजात शेजारी बसणाऱ्या मुलीचं सगळं ठरलेलं होतं, एम.एस्सी. करायचं, मग पीएच.डी. चित्रं मी लहानपणापासून काढायचे, पण ती खाज असावी तशी. प्रयोगवहीत चंचुपात्राला सावली देत बसायचे आणि सरांची बोलणी खायचे. तो काही उद्योग असू शकतो असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

भिंगारच्या जुन्या बाजारात एक फोटो स्टुडिओ होता. तिथं कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी लग्न होऊन गेली आणि मालक कुणीतरी शोधत होते. दुपारचं कॉलेज संपलं की घरी जाऊन प्रश्न ऐकण्यापेक्षा बरं, म्हणून मी जायला लागले. मालक साठीकडे झुकलेले, जाडजूड, सतत सुपारी चघळणारे. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला 'बाळ' म्हणायचे, रागावले की 'मॅडम'.

भरतीला जाणाऱ्या पोरांचे फोटो, आधार कार्डाचे फोटो, बारसं, डोहाळजेवण, हे सगळं असायचंच. पण बारा महिने चालणारं काम म्हणजे मयताचे फोटो. दहाव्याला हार घालायला फोटो लागतो, आणि आपल्याकडे माणूस जिवंत असताना त्याचा एकट्याचा धड फोटो कुणी काढून ठेवत नाही. मग लोक मोबाईल घेऊन यायचे. कुठल्यातरी लग्नातली पंगत, त्यात तिसऱ्या ओळीत घास घेताना मान वर केलेले आजोबा. तेवढं डोकं कापून घ्यायचं, स्वच्छ करायचं आणि धडावर बसवायचं. धडं काकांकडे तयार होती. कॉम्प्युटरमध्ये ती ओळीनं ठेवलेली: कोट घातलेलं, पांढरा सदरा आणि उपरणं घेतलेलं, काठापदराच्या नऊवारीतलं, पाचवारीतलं. मानेपर्यंत माणूस आणि वर निळा रंग. पहिल्या दिवशी ती धडं पाहून मी खुर्ची मागं सरकवली होती. आठवड्यात सवय झाली.

डोळ्यांची सवय मात्र झाली नाही. कधीकधी माणूस गेल्यानंतरच काढलेला फोटो यायचा, दुसरा नसायचाच. तेव्हा मिटलेले डोळे उघडावे लागायचे. त्यासाठीही काकांकडे साठा होता, वेगवेगळ्या माणसांचे डोळे. "जुळतील ते घे, आणि बसवल्यावर त्यांच्याकडं जास्त वेळ बघू नको," एवढंच त्यांनी मला शिकवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी असे दुसऱ्याचे डोळे बसवले. पुढे काही महिन्यांनी नगरला एका किराणा दुकानात साबण घ्यायला गेले, तर गल्ल्याच्या वर हार घातलेल्या वेगळ्याच माणसाच्या फोटोतून तेच डोळे माझ्याकडे बघत होते. मी साबण न घेताच बाहेर आले.

दिवाळी होऊन गेल्यावर एके दुपारी तिशीतला एक माणूस आला. लष्कराच्या मेसमध्ये कामाला होता, बायकोबरोबर भिंगारमध्येच भाड्याच्या खोलीत राहायचा. गाव पाथर्डीकडचं. गावात नवं घर बांधलं होतं, वास्तुशांत करायची होती आणि भिंतीवर आईचा फोटो लावायचा होता.

"आणलाय का फोटो?" काकांनी विचारलं.

"फोटो न्हाई. कधी काढलाच न्हाई."

"मग?"

"मी सांगतो ना कशी हुती. तुमी बनवा. आता काय बी बनवत्यात म्हणं कॉम्प्युटरवर."

काकांनी हात जोडले. फोटो असल्याशिवाय फोटो होत नाही, म्हणाले. तो माणूस उठला नाही. त्याची आई ऊसतोडीला गेलेली असताना कारखान्याच्या बाजूला वारली होती, तेव्हा तो जेमतेम चालायला लागलेला. तिच्या माहेरचं, तिच्या बरोबरीचं आता कुणी उरलं नव्हतं. थोरल्या बहिणीला मात्र आई चांगली आठवते, असं तो सांगत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी काढून बघू का, पेन्सिलीनं?"

काकांनी सुपारी चघळणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मलाही माझं आश्चर्य वाटलं.

रविवारी तो, त्याची बायको आणि मी, त्याच्या मित्राच्या गाडीनं त्याच्या गावाला गेलो. सोबत त्याची बायको आहे म्हटल्यावर मावशीनं सोडलं. दिवाळी झाली की त्या भागातली निम्मी-अधिक माणसं कोयते घेऊन तोडीला निघून जातात, हे मला ऐकून माहीत होतं. पाहिलं नव्हतं. गावात शिरलो तेव्हा डोक्यावर ऊन होतं आणि रस्त्यात कुणी नव्हतं. दारांना कड्या-कुलपं, आणि जनावरं आत शिरू नयेत म्हणून उंबऱ्यांशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. एका दोरीवर लहान मुलाचा सदरा वाळत घातलेला राहून गेला होता, उन्हानं त्याचा रंग पार उडाला होता. कुत्री होती, पण ती भुंकली नाहीत, नुसती बघत राहिली. आम्ही एका बंद घरावरून चाललो होतो आणि आतून अचानक गाणं वाजायला लागलं. मी जागीच थांबले.

"घड्याळ हाय," तो म्हणाला. "तासाला वाजतंय. सेल संपंस्तवर वाजतंय."

गाणं पुरतं वाजून थांबलं. त्या घरात कुणी नव्हतं हे मला सारखं स्वतःला सांगावं लागत होतं.

नव्या घराला अजून रंग लागायचा होता. बाहेर त्याचे वडील बाजेवर बसलेले. आम्ही कशासाठी आलोय ते मुलानं सांगितलं तेव्हा म्हाताऱ्यानं माझ्या हातातल्या कागदांकडे एकदा पाहिलं, काठी घेतली आणि रानाच्या वाटेनं चालू लागला.

"ते आईचं कधी काढीत न्हाईत," मुलगा म्हणाला. "आमीबी इचारत न्हाई."

थोरली बहीण आत होती. शेजारच्याच गावी दिलेली, पाठीच्या दुखण्यानं त्या वर्षी तोडीला गेली नव्हती. तिनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि बसकण मारून सांगायला लागली. कपाळ रुंद, नाक बसकं पण टोकाला उचललेलं, हनुवटीला खळी, केस लई दाट. मी काढत गेले. एक कागद झाला, दुसरा झाला, तिसरा. दरवेळी ती कागद उन्हाकडे धरून बराच वेळ बघायची.

"नाक बरूबर हाय. कपाळबी बरूबर हाय. पन ती न्हाई ही."

दुपार कलायला लागली. मी जवळजवळ हार मानली होती. समोर पसरलेल्या सगळ्या बायका नीट होत्या, आणि सगळ्या मेलेल्या दिसत होत्या. मी सहज विचारलं, "तुम्हांला ती आठवते, तेव्हा ती काय करत असते?"

तिनं विचार केला. "काय करती... मी निजलेली आसती. ती वाकून बगती."

"दाखवाल का?"

ती ओशाळली, पण फरशीवर आडवी झाली आणि वर बोट दाखवलं. "हितं. हितं तोंड. मागनं उजेड यायचा, पाचटातनं." ऊसतोडीवरच्या कोप्या म्हणजे झोपड्या उसाच्या पाचटाच्या, वाळल्या पानांच्या असतात, त्यांच्या फटींतून येणारा तो उजेड. मला एकदम कळलं की माझी सगळी चित्रं समोरून काढलेली होती, फोटोत बसतात तशी, आणि या बाईनं आपल्या आईला समोरून कधी पाहिलंच नव्हतं. मी तिला उठायला सांगितलं आणि तिच्या जागी मी आडवी झाले. "आता तुम्ही वाका. ती वाकायची तशा."

फरशी गार होती. ती माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसली आणि वाकली. तिचा पदर सुटून माझ्या खांद्यावर आला. पहिल्यांदा तीच होती, लाजून हसणारी. मग हसू गेलं. तोंड सैल झालं, भुवया थोड्या जवळ आल्या आणि ती अगदी हलक्या आवाजात हुंकारायला लागली. चाल अशी नव्हती, दोन सूर नुसते मागंपुढं. ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती.

दारात काहीतरी पडलं. तिचा भाऊ चहाचे कप घेऊन आला होता आणि चौकटीला धरून खाली बसला होता. "हे मला माहीत हाय," तो म्हणाला. "हे मी ऐकलंय."

बहीण सावध झाली आणि पदर सावरून मागं सरकली. "काय ऐकलंय?" तिनं विचारलं. आपण हुंकारत होतो हे तिला ठाऊकच नव्हतं. आम्ही सांगितलं तरी तिचा विश्वास बसला नाही.

मी उठले आणि न थांबता काढलं. खालून दिसणारा जबडा, नाकपुड्या, त्यांच्या वर सावलीत गेलेले डोळे, दोन्ही बाजूंनी लोंबणारे केस. कागद पुढे केला तेव्हा तिनं तो उन्हाकडे धरला नाही. मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवून बसून राहिली.

ते चित्र मी पुढचे काही दिवस स्टुडिओत बसून मोठ्या कागदावर पक्कं केलं. काकांना ते आवडलं नाही. "भिंतीवर लावलं की अंगावर येईल हे," म्हणाले. खोटं नव्हतं. समोरच्या फळीवर ठेवलं की ती बाई खोलीत वाकून बघतेय असं वाटायचं. पासपोर्टच्या फोटोला बसणाऱ्यांची नजर कॅमेऱ्यात राहायची नाही, वर जायची. काका ओरडायचे, इकडं बघा, इकडं. एकदा एक तान्हं मूल काही केल्या रडायचं थांबेना. आईनं त्याला आडवं घेतलं आणि ते एकाएकी गप्प झालं. फळीकडे बघत होतं. काकांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितलं. मी ठेवलं, पण काम करताना पाठीमागं ती आहे हे विसरता यायचं नाही, म्हणून पुन्हा सरळ केलं. समोर असलेली बरी वाटायची.

बाजारात बांगड्या विकणारी एक बाई होती. केस सगळे पांढरे, पण चालणं ताठ. मी तिला येता-जाता पाहायचे. ती एक दिवस पेन्शनच्या कागदाला फोटो हवा म्हणून आली. स्टुलावर बसली, तोंडावरून हात फिरवला आणि वर बघितलं. मग उठून उभी राहिली. पायांतल्या चपला काढून बाजूला केल्या.

"आक्का हितं कशी?" ती म्हणाली.

काका कॅमेऱ्यामागून बाहेर आले. "कोण आक्का?"

"माझी थोरली बहीन."

"बाई, ते चित्र आहे. दुसऱ्याच्या आईचं आहे. या मुलीनं मनानं काढलंय."

"आसंल," ती म्हणाली. "पन तोंड आक्काचं हाय."

मी तिला आत बसवून पाणी दिलं. ती सांगत गेली. आई मजुरीला जायची, तेव्हा हिला थोरल्या बहिणीनंच वाढवलं होतं. मांडीवर घेऊन निजवायची. पुढे बहिणीला शेवगावकडे दिली. तिचं पोर दगावलं, नवऱ्याच्या घरच्यांनी बाहेर काढलं. माहेरी येण्याऐवजी ती कुठल्याशा टोळीबरोबर उसाला गेली, असं कुणीतरी सांगितलं. त्यानंतर काही कळलं नाही. फोटो तिचाही नव्हता.

"ती काही म्हणायची का? निजवताना?" मी विचारलं.

म्हातारीनं डोळे मिटले आणि हुंकारली. दोन सूर, मागंपुढं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. भर दुपार होती, बाजार चालू होता, समोर एक जण सायकलच्या चाकात हवा भरत होता. मला थंडी वाजत होती. काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "हाताने काढलेल्या चेहऱ्यात जो तो आपलं माणूस बघतो," ते म्हणाले. "घाबरायचं काही नाही. पण ते देऊन टाक लवकर." त्यांचा स्वतःचा आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हातारी त्यानंतर रोज दुपारी येऊन पायरीवर बसायची. आत यायची नाही, मागायची काही नाही.

वास्तुशांतीच्या आधी मी चित्र चौकटीत बसवून पुन्हा त्याच गाडीनं त्या गावी नेलं. मेसमधल्या त्या माणसाला बांगडीवाल्या म्हातारीचं वाटेत सांगितलं. तो हसला, मग गाडीचा वेग त्यानं वाढवला. घरी बहिणीनं चौकट दोन्ही हातांनी घेतली. "हीच," एवढंच म्हणाली. रडली नाही. भिंतीशी टेकवून सगळे समोर बसलो होतो तेवढ्यात म्हातारा रानातून आला. उंबऱ्यात त्यानं वहाणा काढल्या, आत पाऊल टाकलं आणि काठी टेकून उभा राहिला.

"ही ती न्हाई," तो म्हणाला.

बहीण म्हणाली, "बाबा, हीच हाय. मला आठवती ना."

"तुला हीच आठवती. तुझी आई न्हाई ही. बाजूच्या कोपीतली हाय."

म्हातारा तिथंच भिंतीला टेकून बसला आणि चित्राकडे बघत बोलायला लागला, आमच्याशी बोलत नसल्यासारखा. तोडीचा हंगाम निम्म्यावर आला होता, तेव्हा त्याची बायको तापानं गेली. तीन-चार वर्षांची पोरगीपण तापानं फणफणलेली, तिला शुद्ध नव्हती. पोरगा रांगता-चालता. हंगाम सोडून येता येत नव्हतं. शेजारच्या झोपडीत एक एकटी बाई होती, स्वतःचं मूल गेलेली. तिनं दोन्ही पोरं उचलून आपल्या झोपडीत नेली.

"तू डोळं उघडलं तवा ही वाकून बगत हुती," तो मुलीला म्हणाला. "तू तिलाच आई म्हनलीस. तिनं व्हय म्हनलं. आमी कुनी मोडलं न्हाई. हंगाम सरंस्तवर तीच तुमची आई हुती."

"मग?" मुलानं विचारलं.

"मग काय. ट्रकमधनं फाट्यापर्यंत आली. तू तिच्या कडंवर निजलेला, तुझी ताई माझ्या मांडीवर निजलेली. मी म्हनलं, हितनं पुढं येऊ नको, गावात काय सांगू. तिनं तुला माझ्याकडं दिलं आन उतरली. मी मागं बगितलं न्हाई."

बहीण उठली आणि त्याच्यासमोर जाऊन बसली. अगदी हळू तिनं विचारलं, "मग माझी आई कशी हुती?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते, जणू कुणाला तरी आतल्या आत हाक मारत होता. बाहेर गाव इतकं शांत होतं की चुलीवरचं पाणी उकळताना ऐकू येत होतं. त्यानं डोळे उघडले.

"तिचं तोंड येत न्हाई," तो म्हणाला. "लई वर्सं झाली, येत न्हाई. तिला आठवाया गेलं की हीच वाकती."

ते वाक्य ऐकताना मला जी भीती वाटली तशी मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही. एक बाई होती, तिनं दोन मुलं जन्माला घातली, आणि आता या जगात एकाही माणसाच्या डोक्यात तिचा चेहरा उरलेला नव्हता. मी काढायला बसले होते तिला. कागदावर आली ती दुसरी, जिला कुणी बोलावलं नव्हतं.

मुलानं विचारलं, चित्र ठेवायचं की परत न्यायचं. म्हातारा उठला, भिंतीपाशी गेला आणि हाताचा पंजा टेकवून जागा दाखवली. "हितं लाव," म्हणाला. "तुमच्या आईचं नाव घेऊन दोगींना मिळून हार घाला."

निघताना मी त्याला भिंगारच्या म्हातारीबद्दल सांगितलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. ती बाई घरचं कधी काही बोलायची नाही, असं त्यानं सांगितलं. फक्त पोराला निजवताना म्हणायची, माझी एक धाकटी बहीण हाय, तिलाबी असंच वाढवलं.

परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर बसले होते. बाहेर बंद दारांची घरं मागं जात होती. भीती अजून पोटात होती, आणि तिच्या शेजारीच दुसरं काहीतरी स्वच्छ बसलेलं होतं. तोवर मला वाटायचं की दिशा सापडते म्हणजे आतून कसला तरी आनंद होत असणार, कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटत असणार. तसं काही नव्हतं. आपल्या हाताला एक गोष्ट येते, ती फार जबाबदारीची आहे आणि आता ती धड शिकून घ्यावी लागेल, एवढंच स्पष्ट कळत होतं. खोडरबरानं पुसता येणार नाही असं काहीतरी मी केलं होतं.

पुढच्या सुट्टीत राहात्याला गेले तेव्हा वडील बागेत फळांना पिशव्या बांधत होते. मीही त्यांच्याबरोबर बांधायला लागले आणि बांधता बांधता सांगून टाकलं की मला चित्रकला शिकायची आहे, बी.एस्सी. पुरी करते, मग. त्यांनी आणखी काही फळं बांधली.

"त्यात नोकरी लागते का?"

"माहीत नाही."

"कसली चित्रं काढणार?"

"माणसांची."

ते फांदी वाकवून पलीकडे गेले. पानांतून त्यांचा आवाज आला, "इतके दिवस तुला विचारलं की तू 'बघू' म्हणायचीस. आज पहिल्यांदा उत्तर दिलंस. बघ मग." आईनं मात्र दोन महिने माझ्याशी नीट बोलणं टाकलं. मग तिचंही निवळलं.

डिग्री झाल्यावर मी चित्रकलेचा डिप्लोमा केला. आता संगमनेरला असते, एका शाळेत शिकवते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आणि ज्यांच्याकडे फोटो नाही अशी माणसं माझ्याकडे येतात, कुणाकडून तरी पत्ता काढून. नाक कसं, डोळे कसे, हे मी त्यांना सुरुवातीला विचारत नाही. तुम्ही कुठं बसलेला असायचात आणि ते माणूस कुठं असायचं, ते विचारते. कुणी आईला पाठीवरून पाहिलेलं असतं, झोळीतून. कुणी वडिलांना सायकलच्या दांडीवर बसून, मान वर करून. मी त्यांच्या जागी बसते आणि तिथून बघते. काम झाल्यावर प्रत्येकाला एक गोष्ट बजावून सांगते, की घरात ज्यांनी त्या माणसाला पाहिलंय त्या सगळ्यांना बोलावून मगच भिंतीला खिळा मारा. काहीजण हसतात. मी हसत नाही.

त्या पहिल्या बाईसाठी मी पुन्हा दोनदा बसले, खऱ्या आईसाठी. म्हाताऱ्यानं जमेल ते सांगितलं. आवाज कसा, चालणं कसं, हातात कोयता कसा धरायची. हात आले, चेहरा आला नाही. ते कागद माझ्याकडे तसेच आहेत. म्हातारा गेल्या वर्षी वारला. त्याचा फोटो काकांनी केला, त्या म्हाताऱ्याच्या स्वतःच्याच डोळ्यांचा.

बांगडीवाली म्हातारी वास्तुशांतीला गेली होती. बहिणीनं तिला जेवायला आपल्या शेजारी बसवलं आणि 'मावशी' म्हणून हाक मारली. त्या चित्राचा फोटो म्हातारीच्या मोबाईलमध्ये आहे. हंगाम लागला की ती मेसमधल्या या नव्या भाच्याच्या गाडीवरून निघते, प्रवरेकडच्या, गोदावरीकडच्या कारखान्यांवर, आणि तळावरच्या माणसांना तो दाखवत फिरते. परवा संगमनेरला आली होती, माझ्याकडे चहा घेतला. मी विचारलं, काही कळलं का.

"कळतंय ना," ती म्हणाली. "जाईन तितं कोन ना कोन म्हनतंच, हिला बगितलंय. आमी ल्हान आसताना बगितलंय म्हनत्यात. सगळे तसंच म्हनत्यात."

तिनं कप बशीत ठेवला आणि पुढच्या बसची वेळ विचारली.